चार्जिंग अपडेट: १४.२ व्होल्ट निघतात, १३.५ पोचतात

सापडलं एकदाचं! गाडीत मोठा ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) बसवल्यापासून छळणारा तो 'थंड असताना छान, गरम झाल्यावर ढेपाळतं' प्रकार सुटला. ऑल्टरनेटरचा व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर निर्दोष निघाला.

लक्षणं मागच्या पोस्टमध्ये लिहिली आहेत. गाडी सुरू केल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसायचे. फ्रिज, ब्लोअर, दिवे आणि दुसरी बॅटरी असा १०० अँपिअरच्या आसपासचा लोड घेऊन बॉनेट तापलं की तेच १३.५ वर यायचे. त्यावर उत्तर देणाऱ्या बहुतेकांचं बोट रेग्युलेटरच्या टेंपरेचर कॉम्पेन्सेशनकडे (तापमानानुसार व्होल्टेज बदलण्याकडे) होतं. शंका रास्तच होती, कारण तापल्यावर सेट-पॉइंट (ठरलेला व्होल्टेज) खाली आणणं हे त्याचं कामच आहे. पण म्हणून एवढा खाली?

म्हणून यावेळी सगळं पूर्ण तापवूनच मोजायला घेतलं. आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून रिपल (डीसीमधला उरलेला एसीचा अंश) पाहिला, तो ४० मिलिव्होल्टच्या आसपास होता. ऑल्टरनेटरमधला एसीचं डीसी करणारा एखादा डायोड गेला असता तर हा आकडा कितीतरी वर गेला असता आणि ऑल्टरनेटरने घुरघुर सुरू केली असती. म्हणजे डायोड ठणठणीत. मग मीटर डीसीवर घेतला, काळा प्रोब ऑल्टरनेटरच्या बॉडीवर आणि लाल थेट बी प्लसच्या, म्हणजे ऑल्टरनेटरच्या पॉझिटिव्ह आउटपुटच्या, स्टडवर. १४.२! त्याच क्षणी बॅटरीच्या टर्मिनलांवर १३.५. ऑल्टरनेटर आपलं काम चोख करत होता, जवळपास पाऊण व्होल्ट वाटेत जिरत होता.

आता वाट तुकड्यातुकड्याने मोजायची. ऑल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत ०.०५, म्हणजे अर्थिंग उत्तम. बी प्लसकडून येणारी ३५ स्क्वेअर मिलिमीटरची अडीच मीटर केबल, तिचा रेझिस्टन्स सव्वा मिलिओमच्या घरात, म्हणून १०० अँपिअरला ०.१२ व्होल्ट जाणारच, आणि तेवढेच गेले. राहिला त्याच वाटेवरच्या मेगा फ्यूजचा (मोठ्या करंटच्या, नटांनी आवळायच्या फ्यूजचा) होल्डर. फ्यूजच्या एका पात्यापासून दुसऱ्या पात्यापर्यंत नगण्य. बॅटरीकडच्या बाजूला केबलचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) आणि फ्यूजचं पातं यांच्यामध्ये मात्र अर्धा व्होल्ट! अर्धा व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे ५० वॅट. एका नटाखाली चांगला मोठा सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवावा तेवढी उष्णता.

बॅटरी सोडवून होल्डर उघडला. थिंबल तांबूस-तपकिरी पडलेलं, त्यावरची हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी इन्सुलेशनची नळी) चकाकत मागे आक्रसलेली, आणि नट बोटांनी फिरला. खरी गोम रचनेत आहे. ऑल्टरनेटरच्या किटसोबत आलेल्या या होल्डरमध्ये थिंबल प्लॅस्टिकच्या कडेवर टेकतं आणि नटाचा दाब त्या प्लॅस्टिकमधून जातो. तापलं की प्लॅस्टिक मऊ पडून दबतं, पकड सैल होते, रेझिस्टन्स वाढतो आणि ते आणखी तापतं. थंड इंजिनवर घेतलेल्या ड्रॉप टेस्टला (वाटेत किती व्होल्ट जातात त्या मोजणीला) हे दिसणं शक्यच नव्हतं. माझं स्पष्ट मत आहे: किटमधला ऑल्टरनेटर ठेवा, फ्यूज होल्डर वेगळा आणि दर्जेदार घ्या.

नव्या होल्डरला पितळी बैठक आहे. पातं आणि थिंबल थेट एकमेकांना भिडवले, मध्ये काहीही नाही. वॉशर आणि स्प्रिंग वॉशर सगळ्यात वर. टॉर्क पान्याने आवळलं, गाडी तापवून निवू दिली आणि पुन्हा तपासलं. त्याच लोडला, त्याच गरम अवस्थेत बी प्लसवर १४.२ आणि बॅटरीवर १४.० मिळाले. तो आकडा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

रेग्युलेटरला व्होल्टेज कळवणारी सेन्स वायर थेट बॅटरीवर न्या असा सल्लाही त्या पोस्टवर आला होता. सेन्स वायर चांगलीच, पण सांधा खराब असताना ती नेली असती तर रेग्युलेटरने बी प्लसचा व्होल्टेज वाढवून तूट भरून काढली असती. बॅटरीवर आकडा सुंदर दिसला असता आणि होल्डर आतून जळत राहिला असता. आधी ड्रॉप काढायचा, मग सेन्स.

उरलाय आयडल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग. ट्रॅफिकमध्ये गरम इंजिनवर पूर्ण लोडला व्होल्टेज अजून १३ पर्यंत उतरतो. ८०० आरपीएमला २.८ च्या पुली रेशोने (इंजिनाच्या एका फेऱ्याला ऑल्टरनेटरचे २.८ फेरे) ऑल्टरनेटर जेमतेम २२४० फिरतो, त्यात तापल्याने रेझिस्टन्स वाढलेलं तांबं. ऑल्टरनेटरला लहान पुली घालून रेशो ३.२ करायचा बेत होता. पण इंजिनाच्या ५५०० आरपीएमला हिशेब १७६०० वर जातो आणि माझ्या ऑल्टरनेटरची मर्यादा १८००० आहे. शिवाय लहान पुलीवर पट्ट्याची मिठी कमी होते, म्हणजे स्लिपला आमंत्रण. आयडल १०० ने वाढवला तर ऑल्टरनेटरला २८० आरपीएम जास्त मिळतात, आणि आउटपुट कर्व्हच्या (वेगानुसार किती करंट मिळतो त्या आलेखाच्या) त्या चढावर तेवढ्यानेही फरक पडतो.

हे लिहितानाच आणखी एक सुचलं. आयडलला सगळ्यात जास्त खेचते ती दुसरी बॅटरी. तिच्यासाठी करंट-लिमिटवाला डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीच्या सर्किटवरून दुसरी ठरावीक करंटने चार्ज करणारा) लावला आणि आयडलला तो बंद राहील अशी सोय केली, तर पुलीला हात लावायची गरजच उरत नाही. पुलीची ऑर्डर थांबवतो. आधी आयडलला दुसरी बॅटरी सोडवून बी प्लस किती राहतो ते मोजतो. कोणी आपल्या ऑल्टरनेटरचा गरम अवस्थेतला आउटपुट कर्व्ह क्लॅम्प मीटरने काढला असेल तर आकडे टाका, डीसी-डीसी किती अँपिअरचा घ्यायचा ते त्यावर ठरवता येईल.