तव्यावरच्या मिरचीची नोंदवही: तिखट जातं कुठे?

या खेपेला मंडईतून हिरवी लवंगी आणली. एकाच ढिगातल्या दोन मिरच्या सारख्या तिखट नसतात, म्हणून सगळ्या चिरून, कालवून मग वाटे केले.

पहिला वाटा नुसता पाण्यात उकळला. मिरच्या गळाल्या, रंग उतरला, तिखट जागच्या जागी. पाणी चाखलं तर जेमतेम चुरचुरलं. मिरचीला तिखट करणारं द्रव्य म्हणजे कॅप्सेसिन; ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि १०० अंशांना फारशी दादही देत नाही. ‘शिजलं की तिखट मरतं’ हे आईचं ठाम मत. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तूच खा."

खरी मजा तेलात. मंद आचेवर मिरच्या परतल्या, निथळून बाजूला काढल्या आणि उरलेलं तेल भाकरीच्या तुकड्याला लावलं. टाळू पेटली! मिरच्या त्यामानाने निवळल्या होत्या. मिसळीवरची तर्री जपून का घ्यावी, ते इथे कळतं.

ठेच्याचा वाटा लोखंडी तव्यावर, जेमतेम तेलात. सालीवर काळे फोड येईपर्यंत हलवायचं नाही. ठसका उठतोच, शेजारचीही खिडकी लागते. पण हवेत जातं ते किरकोळ. पाणी आटून गर दाटतो, त्यामुळे चमचाभर ठेचा चमचाभर कच्च्या मिरचीपेक्षा जास्त लागतो. दाण्याचं कूट घातलं की धार बोथट होते, अर्थात दाण्यांचं प्रमाण वाढलं तर आमच्याकडे त्याला चटणी म्हणतात.

तोच ठेचा तव्यावरून उतरल्या उतरल्या आणि मग गार झाल्यावर चाखला. गरम जास्त झोंबला. जिभेवरचा जो ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारं प्रथिन) कॅप्सेसिनला जागा होतो, तोच साधारण ४३ अंशांपुढच्या उष्णतेलाही होतो. दोन्ही एकदम आले की भडका. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.

बिया मात्र उगाच बदनाम आहेत. एका वाट्यातली पांढरी शीर चाकूने खरवडून काढली, बिया धुऊन परत घातल्या. भाजी मुलांनीही खाल्ली.

दोन चाखण्यांमध्ये पाणी पिऊ नका, दूध घ्या. त्यातलं केसीन हे प्रथिन तिखट ओढून घेतं.

उन्हाळ्यात सांडगी मिरची घालणार आहे. जाड पोपटी मिरची, आंबट ताक, कडक ऊन, मग तळण. ताकात किती उतरतं आणि तळणाच्या तेलात किती, ते तेव्हा.