जावक क्रमांक टाकलास का?

उत्तरायणाच्या रात्री साडेअकरा वाजता मी दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या जिन्यात बसले होते आणि फोन मला सांगत होता की उद्या दुपारी बारा ते दोनच्या मध्ये कॅनडातल्या मिसिसागात जाऊन एक बर्गर खायचा आहे.

दिवसभर अगाशीवर काढला होता. नाक सोललेलं, तर्जनीला मांज्याचे तीन काप, पोटात उंधियू-जलेबी आणि त्यावर आईनं हातात ठेवलेले तिळाचे लाडू. आणि आता हे. हिवाळ्यात बडोदा टोरांटोच्या साडेदहा तास पुढे असतं, म्हणजे तिकडे दुपारचा एक, कचेऱ्या टक्क जाग्या. पाठोपाठ दुसरी मेल आली: १६ तारखेला एका बँकेच्या शाखेत खातं उघडायची चौकशी करायची. माझं परतीचं विमान २७ तारखेचं होतं.

दोन्ही कामांसाठी अर्ज मीच केले होते. २३ डिसेंबरला, बॅगेवर बसून चेन ओढता ओढता. मग विसरून गेले.

‘ती तिकडे फुकट खाते’ एवढंच ज्यांना माझ्या कामाबद्दल कळलंय त्यांच्यासाठी (काका, तुम्हीसुद्धा) एकदा सांगते. मी मिस्ट्री शॉपर आहे. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जायचं आणि आपल्याला कसं वागवलं ते मालकाला कळवायचं. ऑर्डर दिल्यापासून पिशवी हातात पडेपर्यंत किती सेकंद गेले, गल्ल्यावरच्या मुलीनं नावाचा बिल्ला लावला होता का, ‘मोठं घेता का?’ असं विचारलं का, टॉयलेटात साबण होता का. बिलाचा फोटो काढायचा आणि रात्रीच्या आत पन्नास-साठ प्रश्नांचा रिपोर्ट भरायचा. बारा-पंधरा डॉलर मिळतात आणि खाल्ल्याचे पैसे वेगळे. खिशात घड्याळ चालू ठेवून खाल्लेल्या बर्गरला चव नसते. कुठलं दुकान ते सांगू शकत नाही, करारावर सही आहे.

सयाजीराव विद्यापीठाची कॉमर्सची पदवी घेऊन हे करायला एवढ्या लांब गेलीस का, असा प्रश्न या खेपेला चार जणांनी विचारला, पैकी दोघांनी तोंडावर. माझं खरं काम दोन छोट्या दुकानांच्या हिशेबाच्या वह्या लिहिण्याचं आहे. हे उरलेल्या वेळातलं. शिवाय जानेवारीत तिकडे घराबाहेर पडायला काहीतरी कारण लागतं, हे उणे पंधरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. असो.

मुद्दा बर्गरचा नाहीच. मुद्दा आहे ‘अप्लाइड’ या शब्दाचा.

या धंद्यात एक मालक नसतो. दुकानांच्या साखळ्या हे काम मधल्या कंपन्यांना देतात. प्रत्येक कंपनीची गिऱ्हाइकं वेगळी, म्हणून शॉपरला भरपूर ठिकाणी नाव नोंदवावं लागतं. माझं १९ कंपन्यांत आहे. एकोणीस लॉगिन, एकोणीस पासवर्ड, आणि बऱ्याच जणी आतून एकच सॉफ्टवेअर वापरत असल्यामुळे पानं दिसायला जुळ्या बहिणींसारखी. यादीतलं काम आवडलं की बटण दाबायचं. बटण राखाडी होतं आणि त्यावर लिहिलेलं येतं: अप्लाइड. झालं. त्यापुढे शांतता.

काम मिळालं तर मेल येते. नाही मिळालं तर बहुतेक वेळा काहीच येत नाही. एक दिवस ती ओळ यादीतून नाहीशी होते आणि आपण समजून घ्यायचं. दरम्यान आपण काय करायचं? त्याच दिवसासाठी दुसरीकडे अर्ज करायचा, तिसरीकडे करायचा, कारण तिन्हींपैकी एखादंच लागतं. आणि एखाद्या दिवशी तिन्ही लागतात. एकाच दुकानात तीन महिने पुन्हा जायचं नाही, असा बऱ्याच ठिकाणी नियम असतो, तोही डोक्यात ठेवायचा. महिनाअखेरीस न खपलेल्या कामांवर बोनस चढतो, म्हणून घाईनं अर्ज करणारी माझ्यासारखी बाई बारा डॉलरला जाते आणि गप्प बसलेली पंचवीस घेते. आणि काम मिळाल्यावर गेलो नाही, तर आपल्या नावापुढे काळी खूण. त्यांनी उत्तर दिलं नाही तर ती पद्धत, मी गेले नाही तर मी बेजबाबदार!

सगळी प्रगत राष्ट्रं ही! आपल्याकडे कुठल्याही कचेरीत अर्ज टाका, पोच मिळते. शिक्का, तारीख, कोपऱ्यात एक सही. माझ्या दाखल्यातली नावाची दुरुस्ती चौदा महिने चालली होती, ते सोडा. पोच होती.

हे सगळं मी त्या रात्री जिन्यात बसून बाबांना ऐकवलं. पाणी प्यायला उठलेले ते, माझ्या फोनच्या उजेडानं थांबले. बाबांनी कचेरीत एकतीस वर्षं बारनिशी सांभाळली. येणारा प्रत्येक कागद आवकमध्ये, जाणारा जावकमध्ये, नंबर टाकल्याशिवाय टेबलावरून हलू द्यायचा नाही. वाटलं होतं, त्या लोकांना दोन शब्द सुनावतील. त्यांनी विचारलं,

“जावक क्रमांक टाकलास का?”

“कसला जावक क्रमांक, बाबा? बटण दाबलं की अर्ज जातो.”

“तो त्यांच्याकडे जातो. तुझ्याकडे काय राहतं?”

माझ्याकडे एक गूगल शीट होतं. ऑगस्टपर्यंत मनापासून भरलेलं, सप्टेंबरात अर्धवट, पुढे कोरं. लोकांच्या वह्या लिहून पोट भरणाऱ्या बाईचं. हे मी बाबांना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं, कारण ते काही न बोलता आत गेले आणि कपाटातून विमा कंपनीची एक जुनी डायरी, पट्टी आणि लाल-निळं दोन्हीकडून चालणारं पेन घेऊन आले.

मग रात्री बारा वाजता, बाहेर कुणाच्या तरी अगाशीवरून अजून ‘काप्यो छे’च्या आरोळ्या येत असताना, माझ्या वडिलांनी जेवणाच्या टेबलावर रकाने आखले. घाई नाही. पट्टीची कड डायरीच्या शिवणीला लावून, रेघ ओढून झाली की पेनाचं टोक रुमालाला पुसून. अनुक्रमांक. अर्जाची तारीख. कोणाकडे. कोणतं दुकान. कामाची तारीख. फी. खर्च. उत्तर. शेवटी सगळ्यांत रुंद रकाना: शेरा.

“आता सांग. २३ तारखेला किती अर्ज केलेस?”

मी म्हटलं, नऊ. मेल उघडून मोजले तर १४ निघाले. एकोणीसही लॉगिन उघडून बघितल्यावर १७, कारण तीन कंपन्या अर्जाची मेलसुद्धा पाठवत नाहीत. बाबा नंबर टाकत गेले, मी वाचत गेले. अकराव्या ओळीला त्यांनी पेन थांबवलं. “हे दुकान आणि चौथ्या नंबरचं एकच ना?” एकच होतं. दोन कंपन्या, एकच गल्ला, दोन दिवसांचं अंतर. दोन्ही लागलं असतं तर त्या बिल्लेवाल्या मुलीनं मला नक्की ओळखलं असतं.

आई तोवर उठून आली होती. सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे मुलगी बघायला पाच घरी ‘कळवतो’ सांगून यायचं, आणि पाचही घरांनी होकार दिला की पळायचं! बरं ने, दूध गरम करू का?”

सतरापैकी आठांची तारीख उलटून गेली होती. मी म्हटलं, बघा, यांनी साधं ‘नाही’ कळवायचे कष्टही घेतले नाहीत. इथे मला वाटलं होतं की बाबा माझ्या बाजूनं बोलतील.

“कशाला कळवतील? कामाची तारीख गेली, अर्ज मेला. आमच्याकडे एका जागेला चारशे अर्ज यायचे. ‘नाही’ची चारशे पत्रं कोण टाइप करणार?” आणि त्यांनी आठही ओळींपुढे लाल बाजूनं लिहिलं: दप्तरी दाखल.

हे दोन शब्द बघून मला जे हलकं वाटलं ते सांगता यायचं नाही. पेंडिंग, पेंडिंग, पेंडिंग असं महिनोन् महिने मनात धरून बसलेलं काहीतरी एका लाल शेऱ्यानं फडताळात गेलं. बाबांसमोर पेंडिंग म्हणायची सोय नाही, लगेच म्हणतात, सयाजीराव महाराजांनी १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करून घेतला तो काय शोभेला? आपल्याकडे ‘शिल्लक’ म्हणतात. महिनाअखेरीस शिल्लक किती, निर्गती किती, त्याचा गोषवारा साहेबाकडे जायचा.

राहिले नऊ. त्यातले सात मी तिथल्या तिथे मागे घेतले. तसं बटण असतं, एवढं खाली की सापडू नये. मिळालेल्या दोन कामांना मेल लिहिल्या. बँकेचं काम वाटणारी बाई मी कधी पाहिलेली नाही, दोन वर्षं नुसता पत्रव्यवहार आहे. तिचं उत्तर सात मिनिटांत आलं: घरी आहेस ना, घरीच राहा, मी दुसऱ्या कुणाला पाठवते, तुझ्या नावावर काही लागणार नाही. एवढंच. मला उगाच भरून आलं. पण दोन वर्षांत माझी एकही तारीख चुकली नव्हती हेही तिनं बघितलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं.

बर्गरवाल्यांकडून मशीनचं उत्तर आलं. खातं स्थगित.

चुलतभावानं दुसऱ्या दिवशी हे ऐकलं आणि फोन पुढे केला: त्यालाही असंच काम आलंय, हॉटेलांना घरबसल्या रेटिंग द्यायचं, आधी दोन हजार भरायचे. अरे बाबा, नाही. खरी कंपनी शॉपरकडून एक पैसा घेत नाही. कॅनडात असलेच ठग चेक पाठवतात, तो बँकेत भरून गिफ्ट कार्डं घ्यायला सांगतात, आणि आठवड्यानं चेक खोटा निघतो. ज्यासाठी आपण अर्जच केलेला नाही असं काम लागलं, तर ते काम नव्हे. तुमच्यापैकी कुणी पैसे भरून बसलं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

परत येताना डायरी सामानात होती, लीलो चेवड्याच्या दोन पुड्यांच्या मध्ये. आता तिला तेलाचा वास येतो. रोज सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं. अर्ज केला की आधी नंबर, मग बटण. त्या दिवसाच्या रकान्यात आधीच दोन ओळी असतील तर तिसरा अर्ज करायचा नाही. कामाची तारीख गेली की लाल पेन. काम होऊन पैसे यायचे असतील ते मागच्या बाजूनं लिहिते, कारण पैसे यायला तीस ते साठ दिवस लागतात आणि तोवर आपणच विसरतो. गाडीचे किलोमीटरही लिहायला लागले. इथे स्वतंत्र धंद्याची मिळकत टी-२१२५ नावाच्या फॉर्मवर दाखवावी लागते, त्यात कामाच्या गाडीचा खर्च वजा होतो, पण नोंद हवी. विवरण १५ जूनपर्यंत चालतं, कर मात्र ३० एप्रिललाच भरायचा. बाबांना हे फार आवडलं. “भरणा आधी, कागद मागून. शहाणे आहेत.” माझ्या देशाबद्दल, म्हणजे या देशाबद्दल, त्यांनी काढलेले हे पहिले चांगले उद्गार.

शीटच का नाही वापरत, असं इथल्या एका मैत्रिणीनं विचारलं. शीट चांगलंच असतं, आपोआप रंग बदलतं, बेरीज करतं. मी तिला म्हटलं, डायरीला बॅटरी लागत नाही. खरं कारण ते नाही.

दर रविवारी सकाळी, म्हणजे बडोद्याच्या रात्री, बाबांचा फोन येतो. आधी थंडी किती, मग “शिल्लक किती?” मी सांगते: नऊ. पैकी तीन या आठवड्यात दप्तरी दाखल. ते तिकडे बहुतेक लिहून घेतात, कारण मागच्या रविवारी मी सात म्हटलं तर म्हणाले, “सहा. तू बारा तारखेचा उतरवला नाहीस.”

क्रमांक ४१ वर बर्गरवाल्यांना लिहिलेला विनंतीअर्ज आहे: चूक माझी, घरी गेले होते, खातं पुन्हा चालू करावं. नियमाप्रमाणे मी त्यालाही मुदत घातली होती, तीन आठवडे. मुदत संपून अकरा दिवस झाले. लाल पेन दोनदा उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. शेरा कोरा आहे.

परवा फोन ठेवता ठेवता बाबा म्हणाले, “आणि एक्केचाळीसचं काय?”

“शिल्लक,” मी म्हटलं.

“हं,” बाबा म्हणाले. “स्मरणपत्र धाड एक. नंबर टाकून.”