लॉख स्पायनीचा काठ : नोंद तिसरी

आधी हिशेब. लॉख स्पायनी या नाहीशा झालेल्या तळ्याचा ('लॉख' म्हणजे स्कॉटलंडमधलं तळं किंवा खाडी) काठ चालून नकाशावर आखायचा हा उद्योग एप्रिलमध्ये सुरू केला. दक्षिण काठावरच्या स्पायनी राजवाड्यापासून पश्चिम टोकाच्या डफस किल्ल्यापर्यंतचा तुकडा परवाच्या शनिवारी पुरा झाला. सरळ रेषेत चारेक किलोमीटर, पण बांधाबांधाने फिरलं तर दुपार जाते. उत्तरेचा काठ अजून कोराच आहे.

ठिकाण स्कॉटलंडच्या ईशान्येला, एल्गिन आणि लॉसीमथ या गावांच्या मध्ये. परगण्याचं नाव 'मरी'. स्पेलिंगवरून ते 'मोरे' वाटतं आणि आपला माणूस क्षणभर सुखावतो, पण उच्चार मरीच. मध्ययुगात लॉख स्पायनी समुद्राला जोडलेलं होतं आणि स्पायनी चक्क बंदर होतं. मग वाळू-गोट्यांच्या दांड्याने तोंड बुजत गेलं, खाडीचं गोड्या पाण्याचं तळं झालं, आणि शेतीसाठी जमीन हवी म्हणून माणसांनी ते उपसायला घेतलं. १८०८ ते १८१२ या काळात टॉमस टेलफर्ड या अभियंत्याच्या आराखड्याने लॉसीमथपर्यंत कालवा खणला. समुद्राच्या तोंडाशी झडपा बसवल्या : ओहोटीला उघडायच्या, भरतीला मिटायच्या. कोकणातल्या खारबंदिस्तीची उघाडी पाहिलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. ऑगस्ट १८२९ च्या महापुरात त्या झडपा वाहून गेल्या आणि पाणी परत आलं. नंतर पुन्हा काम करून तळं हटवलं. आज राजवाड्याच्या पूर्वेला त्याचा एक लहानसा तुकडा उरला आहे, वेतासारख्या उंच गवताने वेढलेला.

आता माझी चूक. ब्लाउ या डच नकाशाकाराच्या १६५४ च्या अ‍ॅटलासातला मरीचा नकाशा (मूळ पाहणी टिमथी पाँटची) क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत आजच्या नकाशावर बसवत होतो. स्पायनीचं चर्च ही खूण पक्की धरली आणि आजच्या स्पायनी चर्चवर टाचली. काठ असा काही पिळवटला की राजवाडा पाण्यात! दोन संध्याकाळी गेल्या. मग लक्षात आलं की चर्चच अठराव्या शतकात कितीतरी पश्चिमेला हलवलंय, जुन्या जागी फक्त कबरस्तान राहिलंय. राजवाडा, डफस आणि एल्गिनचं कॅथीड्रल या न हललेल्या तीन गोष्टी धरल्यावर रेषा बऱ्यापैकी बसली. एवढ्या जुन्या नकाशाकडून याहून जास्त अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय.

त्या कबरस्तानात थांबलोच. हे मरीच्या बिशपांचं १२२४ पर्यंतचं मुख्य ठाणं, त्यानंतर कॅथीड्रल एल्गिनला गेलं. पण मी थांबलो रॅम्से मॅक्डोनल्डसाठी. १८६६ मध्ये लॉसीमथला जन्मलेला ब्रिटनचा हा पंतप्रधान, त्याच्या अस्थी इथे पत्नीशेजारी आहेत. ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा याचाच. त्यावरून येरवड्यात गांधीजींचं उपोषण झालं आणि २४ सप्टेंबरला आंबेडकरांशी पुणे करार. येरवड्याच्या भिंतीला लागून माझं कॉलेजचं आयुष्य गेलं, आणि त्या गोष्टीचं दुसरं टोक या ओल्या गवतात सापडलं. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून गावच्या गोल्फ क्लबाने १९१६ मध्ये त्याला काढून टाकलं होतं, हेही जाता जाता.

राजवाडा म्हणजे बिशपांचं राहतं घर. त्याचा डेव्हिड्स टॉवर पंधराव्या शतकातला, सहा मजली. वर जाऊन पाहिलं की तळ्याची ताटली स्पष्ट दिसते : सपाट, काळीभोर शेतं आणि त्यांना छेदणारे सरळसोट चर. गडप्रेमींनी खाली पायाशी वाकून बघावं. सोळाव्या शतकात बिशप पॅट्रिक हेपबर्नने तिथे तोफांसाठी रुंद तोंडाच्या जंग्या (मारा करायची भिंतीतली भोकं) पाडून घेतल्या. बिशपच्या घराला जंग्या!

डफस मात्र माझा लाडका. बाराव्या शतकात फ्रेस्किन नावाच्या सरदाराने मातीची टेकडी रचून वर लाकडी किल्ला बांधला, पलीकडे तळ्याचं पाणी. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच भरावावर दगडी बुरूज चढवला. भरावाला तो पेलला नाही. वायव्येचा अख्खा कोपरा भिंतीसकट उतारावरून घसरला आणि तसाच कलून उभा राहिलाय. खिडकीची चौकट तिरपी, दगडांचे थर तिरपे, पण सांधे घट्ट. हात लावला तर चुना अजून टणक. तिकीट नाही, गर्दी नाही, फक्त लॉसीमथच्या हवाई तळावरची टायफून विमानं डोक्यावरून कान फाडत जातात.

काठ ओळखायची माझी खूण आता ठरली आहे : नांगरलेल्या शेतात माती काळ्यावरून एकदम फिकट, वाळूमिश्रित होते आणि जमीन गुडघाभर चढते. नऊ ठिकाणी जीपीएस बिंदू घेतले, त्यातले सात पाच मीटरच्या समोच्च रेषेजवळ आले. उरलेल्या दोनपैकी एक घेताना चरात घसरलो होतो, तो मोजत नाही.

पुढची फेरी ऑक्टोबर-अखेर, उत्तरेच्या काठाला. तोवर आइसलँडहून ग्रेलॅग कलहंस उतरलेले असतील. गमबूट घेतले आहेत.