छोट्याचं ट्रेनिंग

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि मला वाटलं कराडहून आहे, कारण आमच्याकडे अवेळी फोन म्हणजे एकतर कोणीतरी गेलं नाहीतर कोणाचंतरी वेळेचं गणित चुकलं. उचलला तर रेकॉर्ड केलेली बाई, काउंटी जेलमधल्या कैद्याचा तुम्हाला कॉल आहे म्हणे, आणि मधे जिथे कैद्याने स्वतःचं नाव सांगायचं असतं तिथे एक बारीक आवाज, "वहिनी मी". मी स्कॅम समजून कट केला. खरंच कट केला. पाच मिनिटांनी परत आला तेव्हा आवाज ओळखला आणि मग झोप जी उडाली ती पुढचे सहा महिने उडालीच.

तर हा आमचा धाकटा दीर, घरात सगळे छोट्या म्हणतात, एकतीस वर्षांचा घोडा आहे. त्याला विचारूनच लिहितेय, त्याने वाचून दोन वाक्यं खोडायला लावली आणि एक घालायला लावलं (कुठलं ते सांगत नाही). २०२३ च्या लेबर डेच्या वीकेंडला (इथला कामगार दिन, सप्टेंबरचा पहिला सोमवार), शुक्रवारी रात्री, हा पिऊन गाडी चालवत होता आणि कडेला उभ्या असलेल्या एका गाडीला घासला. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. पण इथे कॅलिफोर्नियात रक्तात ०.०८ टक्के दारू ही मर्यादा, हा त्याच्या बराच वर होता.

त्याने सख्ख्या भावाला सोडून मला का फोन केला हे मला आधी कळेना. नंतर म्हणाला, आत गेल्यावर मोबाईल काढून घेतात आणि पाठ नंबर एकच होता, तुमचा, कारण सुपरमार्केटमधे डिस्काउंटसाठी मी चार वर्षं तुमचाच नंबर दाबतोय! म्हणजे दूध आणि अंडी स्वस्तात मिळावी म्हणून पाठ केलेला नंबर. तेव्हापासून मी घरात सगळ्यांना एकमेकांचे नंबर पाठ करायला लावलेत, मुलीला पण.

आता थोडं समजावून सांगते, कारण आपल्याकडे जेल म्हणजे जेल. इथे जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं. प्रिझन राज्याचं किंवा केंद्राचं, मोठी शिक्षा झालेल्यांसाठी. जेल काउंटीचं, म्हणजे समजा जिल्ह्याचं, आणि ते चालवतो शेरिफ, जो चक्क निवडणूक लढवून येतो, प्रचाराचे बोर्ड लागतात लोकांच्या अंगणात. पकडलेला माणूस आधी काउंटी जेलमधे येतो, आणि आत असलेल्यांतले बहुतेक जण अजून दोषी ठरलेलेच नसतात, तारखेची वाट बघत बसलेले असतात. बाकीचे छोट्या शिक्षांवाले. साधारण एक वर्षाच्या आतली शिक्षा इथेच काढायची. आमच्या राज्यात २०११ नंतर त्याहून मोठ्या काही शिक्षाही काउंटीतच काढायला लावतात, कारण राज्याची प्रिझन इतकी भरली होती की प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं.

पकडल्यावर होतं ते बुकिंग. हॉटेलचं असावं तसं नाव. बोटांचे ठसे, फोटो, खिशातल्या वस्तूंची यादी, तब्येतीचे प्रश्न, आत्महत्येचे विचार येतात का हेसुद्धा विचारतात. ठसे तिथून एफबीआयकडे आणि पुढे इमिग्रेशनवाल्यांकडे जातात, म्हणजे व्हिसावर असलेल्याने कोणाला कळणार नाही हा भ्रम तिथेच सोडावा. त्याला एका ऑफिसरने विचारलं की तुझ्या देशाच्या कॉन्सुलेटला कळवू का, हा परदेशी माणसाचा हक्क आहे, व्हिएन्ना करारातला. हा घाबरून नको म्हणाला. का? तर म्हणे ते कराडला फोन करतील. त्या रात्री त्याची भीती जेलची नव्हती, आईची होती.

आम्ही सकाळी शेरिफच्या वेबसाइटवर नाव शोधत बसलो तर माणूसच नाही. पासपोर्टावर मधे बाबांचं नाव, ते त्यांनी आडनावाला जोडून टाकलेलं, तीन-चार प्रकारे उलटसुलट टाइप केल्यावर सापडला. समोर बुकिंग नंबर आणि जामिनाची रक्कम, वीस हजार डॉलर. तो बुकिंग नंबर लिहून ठेवा, पुढे तेच त्याचं नाव, पत्र असो पैसे असोत भेट असो, आधी नंबर.

एरवी कोर्टात ४८ तासांत उभं करतात पण रविवार आणि सुट्टी त्यात धरत नाहीत, सोमवारी लेबर डे, म्हणजे मंगळवारपर्यंत आत. म्हणून जामीन. आपल्याकडे जामीनदार शोधायचा, सातबारा काढायचा, इथे जेलच्या समोरच्या रस्त्यावर बेल बाँडवाल्यांची दुकानं, चोवीस तास उघडी, निऑनच्या पाट्या. सगळे वीस हजार कोर्टात भरले तर केस संपल्यावर परत मिळतात, पण वीस हजार कोणाकडे पडलेत शनिवारी सकाळी. बाँडवाला साधारण दहा टक्के घेतो आणि उरलेल्याची हमी देतो, ते दहा टक्के कायमचे गेले. दोन हजार डॉलर, माणूस निर्दोष सुटला तरी गेले. ही पद्धत बंद करायचा कायदा आमच्या राज्याने केला होता पण २०२० मधे मतदानात लोकांनीच तो पाडला. मला अजून कळत नाही लोकांना काय आवडतं त्यात.

पैसे भरले सकाळी अकराला, हा बाहेर आला रात्री सव्वादहाला. मधे काय करतात कोणी सांगत नाही. आम्ही पार्किंगमधे गाडीत बसून होतो आणि तिथेच नवऱ्याला बाँडवाल्याच्या कागदावर दिसलं की ही दुसरी वेळ आहे.

दुसरी! पहिली २०१९ मधे, शिकत असताना. कोणाला पत्ता नाही. तेव्हा अटकेनंतर त्याचा व्हिसा रद्द झाल्याचं ईमेल आलं होतं. व्हिसा रद्द झाला तरी तेव्हा त्याला इथे कायदेशीर राहता आलं, पुढे नोकरी लागून एच-वन पण इथल्या इथेच झाला, पण देशाबाहेर गेलं की परत यायला नवीन शिक्का लागणार आणि तिथे सगळं निघणार. म्हणून हा चार वर्षं घरी गेला नव्हता. आम्ही आपले समजत होतो सुट्टी मिळत नाही, मग करोना, मग प्रोजेक्ट. आई दर दिवाळीला त्याच्या वाटणीच्या चकल्या डब्यात घालून ठेवायच्या आणि मग डिसेंबरात शेजारी वाटायच्या. मला त्या पार्किंगमधे त्याचा राग आला तो दारूचा नाही, त्या चकल्यांचा आला.

वकील स्वतःचा केला. पैसे नसतील तर सरकार देतं, १९६३ पासून हा हक्क आहे आणि ते वकील वाईट असतात हा समज चूक, फक्त कामाने वाकलेले असतात. पण छोट्याचा पगार बघता त्याला कोण देणार. व्हिसावाल्यांनी एक लक्षात ठेवा, इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे क्रिमिनल वकिलाने सांगायलाच हवं असा २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, तरी आम्ही इमिग्रेशनच्या वकिलालाही वेगळी फी दिली आणि बरं झालं दिली.

वकिलीणबाईंनी पहिल्याच दिवशी नवऱ्याला दटावलं. जेलमधून येणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो, केसबद्दल अक्षर बोलायचं नाही. नवरा म्हणाला आम्ही मराठीत बोलतो. तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, या काउंटीत मराठी येणारे किती जण राहतात तुम्हाला माहितीये ना? रविवारी मंडळाच्या गणपतीला हॉलमधे उभं राहून मी तेच मोजत होते.

शेवटी गुन्हा कबूल, दहा वर्षांच्या आतला दुसरा म्हणून साठ दिवस जेल, दीड वर्षाचा दारूचा क्लास, दंड, आणि गाडीत ते फुंकायचं यंत्र, फुंकल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. घोट्याला जीपीएस लावून घरी राहण्याची विनंती केली होती, जजने नाही ऐकलं. वागणूक चांगली असेल तर कॅलिफोर्नियात काउंटी जेलमधे दोन दिवस काढले की चार धरतात, म्हणून साठाचे तीस. फेब्रुवारीत एका सोमवारी सकाळी नवऱ्याने त्याला जेलच्या दारात सोडलं, शाळेत सोडतात तसं. बरोबर ओळखपत्र, कोर्टाचा कागद आणि चिठ्ठीवर सहा फोन नंबर. माझा लिहिला नव्हता, तो पाठ होता.

आतलं सगळं त्याच्याकडून ऐकलेलं. नाश्ता पहाटे साडेचारला, रात्रीचं जेवण दुपारी चारला, त्यामुळे रात्री आठपासून भूक. थंड बलोनीचं, म्हणजे मांसाच्या पातळ चकत्यांचं, सँडविच, सफरचंद, दूध. दिवसातून कितीतरी वेळा मोजणी. घरचा डबा वगैरे काही नाही, आपल्याकडे निदान कोर्टाची परवानगी काढता येते, इथे तुम्ही बाहेरून एक बिस्किट पाठवू शकत नाही. पाठवायचे ते पैसे, त्याच्या खात्यावर, आणि तो आठवड्यातून एकदा कमिसरीतून, म्हणजे जेलच्या किराणा दुकानातून, मागवणार. चाळीस डॉलर टाकले की ॲपवाले वर चार घेतात. नूडल्सचं पाकीट बाहेर मिळतं त्याच्या कितीतरी पट किमतीला, आणि तेच आतलं चलन, त्याला सूप म्हणतात. केस कापून घ्यायचेत, दोन सूप. झोपायला खालचा बंक हवाय, पाच सूप.

याने एक प्रकार शिकून घेतला, स्प्रेड म्हणतात. तिखट चिप्सचं पाकीट न फोडता बाहेरून चुरायचं, वरून कापून त्यात नूडल्स मोडून टाकायच्या, नळाचं जमेल तेवढं गरम पाणी, मग पाकीट गुंडाळून टॉवेलमधे बांधून दहा मिनिटं. उघडून त्यात लोणच्याची काकडी चिरून, चिरायला ओळखपत्राची कडा. चौघांनी मिळून खायचं. हा म्हणाला वहिनी, ती भेळच आहे हो, फक्त गरम आणि पुडीत.

पुढच्या रविवारी मी भेटायला गेले आणि परत पाठवली गेले. वेळ ऑनलाइन घेतलेली, पासपोर्ट जवळ, मंगळसूत्र आणि बांगड्या लॉकरमधे, सगळं नियमाने, आणि अंगात नारिंगी कुर्ता. कैद्यांचे कपडे नारिंगी. काउंटरवरच्या बाईने नुसतं बोट दाखवलं भिंतीवरच्या कागदाकडे. पळत समोरच्या दुकानात जाऊन आठ डॉलरचा काळा टीशर्ट घेतला, त्यावर मासा होता, आत घातला आणि अर्ध्या तासातली तेरा मिनिटं मिळाली. काच, दोन्ही बाजूला फोनचे रिसीव्हर, धातूची वायर इतकी आखूड की मान वाकवूनच बोलायचं. तो मासा बघून हसला. मग आम्ही काय बोललो? माझ्या मुलीचं गणित, त्याच्या झाडांना पाणी, भारत-इंग्लंड कसोटी. केसबद्दल बोलायचं नाही म्हटल्यावर कळतं की माणसाशी बोलण्यासारखं बाकी काय आहे ते.

फोन पंधरा मिनिटांनी आपोआप कटतो आणि मिनिटाला पैसे. हे दर पूर्वी भयंकर होते. वॉशिंग्टनमधल्या मार्था राइट नावाच्या अंध आजी, तुरुंगातल्या नातवाशी बोलता बोलता औषधाच्या पैशांची ओढाताण व्हायला लागली म्हणून कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि त्या वारल्यानंतर २०२३ मधे त्यांच्या नावाचा कायदा झाला. कॅलिफोर्नियाच्या राज्य प्रिझनमधे त्याच वर्षापासून फोन फुकट, सॅन फ्रान्सिस्कोच्या काउंटी जेलमधे २०२० पासून. आमच्या काउंटीत नाही, म्हणजे खून करून प्रिझनमधे गेला असता तर फोन फुकट होता, असं नवरा म्हणाला, त्या महिन्यात त्याने केलेला एकमेव विनोद.

पुस्तकं घरून नाही चालत. नवीन, कागदी बांधणीची, थेट दुकानातून किंवा प्रकाशकाकडून आली तरच. मला मराठी पाठवायचं होतं पण इथून थेट पोचवणारं कोण, शेवटी सुडोकूची दोन पाठवली. पत्रं मात्र मी मराठीत लिहिली आणि ती पोचली, पाकीट फोडून. कोणीतरी बघितली असणार, वांग्याच्या भाजीचा वास चाळीभर सुटतो तसं काहीतरी लिहिलं होतं त्यात, बघू देत.

आणि हो, या काळात शेरिफच्या ऑफिसातून बोलतोय, आत्ता पैसे भरा, गिफ्ट कार्डाचा नंबर द्या असे फोन येतात. खरं ऑफिस असं कधीच मागत नाही. फोन ठेवून द्या.

आता आई. आईंचा फोन रविवारी त्यांच्या रात्री नऊला, आमच्या सकाळी साडेसातला, आणि मला जेलला दहाला पोचायचं असायचं. आम्ही सांगितलं होतं की छोट्याचं कंपनीचं ट्रेनिंग आहे, तिथे फोन लागत नाही. जेलमधून भारतात फोन लावता येत नव्हता आणि मी मधे दुसरा फोन जोडून दिला असता तर लाइन कट आणि त्याला शिक्षा. त्या विचारायच्या, जेवायला बरं देतात का गं? मी सांगायचे, हो, जरा लवकर देतात. खोटं नव्हतं. चौथ्या रविवारी म्हणाल्या, इतकं कसलं ट्रेनिंग, मिलिटरीत गेलाय का? मी म्हटलं तसंच समजा.

सुटला तो रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी. तारीख बदलली की सोडतात. पारदर्शक पिशवीत पाकीट, मेलेला मोबाईल, बेल्ट. मी थर्मासमधे चहा नेला होता, तो त्याने गाडीत बसून प्यायला आणि कप हातातच धरून ठेवला घरी येईपर्यंत.

जूनमधे त्याने स्वतःहून आईंना सांगितलं, व्हिडिओ कॉलवर, पहिली वेळ, दुसरी वेळ, व्हिसा, सगळं. मी स्वयंपाकघरात ऐकत होते. बराच वेळ तिकडून पंख्याचाच आवाज. मग आईंनी एकच विचारलं, "वहिनीला माहीत होतं?" तो हो म्हणाला. त्यानंतर पाच रविवार माझ्याशी त्या कामापुरतं बोलल्या, आणि सहाव्या रविवारी विचारलं की कुरियरने चकल्या पाठवल्या तर मोडतात का.