धुराची पावती

माझं पोट डिझेलवर आहे. नाशिकमध्ये द्वारकाच्या अलीकडे, वडाळा नाक्याच्या बाजूला पंप-नोझल दुरुस्तीचं माझं छोटं वर्कशॉप आहे. सातपूरच्या आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा ट्रेड करून बाहेर पडलो, तेव्हापासून हेच काम करतोय. आयशर, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, बागायतदारांचे ट्रॅक्टर, सगळ्यांचे पंप माझ्या बेंचवर येतात. आणि तरीही माझं ठाम मत आहे की शहराच्या मध्यात येणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांकडून त्यांच्या धुराचे पैसे घेतले पाहिजेत.

परवा चहाच्या टपरीवर हे बोललो, तर एक पिकअपवाला भाऊ तापलाच. "शेठ, आमच्या जिवावर दुकान चालवता आणि आमच्याच पोटावर पाय देता?" त्याची गाडी २०१२ ची. दिंडोरीकडून टोमॅटो, कोथिंबीर भरून पंचवटीत मार्केट यार्डात आणतो, परतीचं भाडं मिळालं तर मिळालं. त्याचा राग खोटा नव्हता. म्हणून घाईत दोन वाक्यांत उत्तर देण्याऐवजी इथे सविस्तर लिहितोय.

आधी धूर येतो कुठून ते सांगतो. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं तोंड. ते खोलून हँड टेस्टरला लावायचं आणि दांडा दाबायचा. काटा चढतो, ठरलेल्या प्रेशरला नोझल उघडतं. चांगलं नोझल करकरतं आणि इतका बारीक फवारा मारतं की समोर नुसतं धुकं दिसतं. दांडा सोडला की टोक कोरडं. झिजलेलं नोझल आवाजच करत नाही. एका बाजूला धार मारतं आणि नंतर टोकाला थेंब लोंबत राहतो. सिलिंडरमध्ये हाच थेंब बाहेरून जळतो, आत हवा पोचत नाही, आणि उरतो तो कोळसा. चढावर गिअर टाकल्यावर मागून जो काळा लोट निघतो, तो हाच. एअर फिल्टर चोंदलेला असला किंवा पंपाचं सील तोडून डिझेल वाढवलेलं असलं तरी तेच होतं. "पिकअप वाढवून द्या" म्हणत सील तोडायला सांगणारे गिऱ्हाईक आठवड्याला येतात. मी ते काम करत नाही. ते पुढच्या दुकानात जातात.

पण काळा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून निदान लोक शिव्या तरी देतात. दुसरा जो विषारी भाग आहे तो दिसत नाही. इंजिनात डिझेल चांगलं, गरम जळलं की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. म्हणजे काजळी कमी करायला ज्वलन तापवलं की हा वायू वाढतो. तो कमी करायचा म्हणून कंपनी ईजीआर व्हॉल्व्ह देते, जळलेल्या धुरातला थोडा भाग परत इंजिनात सोडते. आणि ॲव्हरेज पडतं म्हणून आपले लोक त्या ईजीआरला पत्रा लावून तो बंद करतात.

आपली पीयूसी याला पकडतच नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीला ॲक्सिलेटर देऊन फक्त धुराची गडदता मोजतात. बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरावरच्या आपल्या नियमांची पायरी. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (गडदतेचं माप), बीएस-४ ला ५०. नायट्रोजन ऑक्साइड मोजायची सोयच त्यात नाही. ईजीआर बंद केलेली गाडी हातात पीयूसी घेऊन रुबाबात बाहेर पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर पहिल्या गटात टाकला, म्हणजे माणसाला कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. मी हे वाचलं त्या दिवसापासून वर्कशॉपमध्ये शटर अर्धं ठेवून इंजिन चालू करायला बंदी आहे. कितीही पाऊस असो.

माझी मुलगी कॉलेजला जाताना द्वारकाला उड्डाणपुलाखाली उभी राहते. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे असे दोन मोठे रस्ते तिथे भेटतात. वर पूल, खाली रिक्षा, ट्रक, काळी-पिवळी, खाजगी बस, सगळं रेटारेटीत. धुराला वर जायला जागा नाही. ती पांढरी ओढणी नाकाला धरते. संध्याकाळी तिने ओढणी धुवायला टाकली की जिथे नाक-तोंड येतं तिथे राखाडी डाग असतो. तो धुळीचा नाही. धूळ झटकली की जाते, हा साबणालाही पटकन सोडत नाही. काजळीने भरलेलं सायलेन्सर मी रोज हाताळतो, तो रंग मला ओळखता येतो.

आता पैसे घेण्याची गोष्ट. लंडनमध्ये हे २०१९ पासून चालू आहे. ८ एप्रिलला शहराच्या मध्यभागापासून सुरुवात झाली, २०२१ मध्ये हद्द वाढवली आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून पूर्ण लंडन त्यात आलं. डिझेल गाडी युरो ६ (आपल्या बीएससारखी युरोपातली पायरी, आकडा मोठा तितका नियम कडक) नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, म्हणजे आपले बाराशे रुपयांच्या वरच. पेट्रोलला मात्र युरो ४ पुरतं. यावर तिथल्या डिझेलवाल्यांनी अन्याय म्हणून ओरड केली. पण आकडे बघा. युरो ४ च्या पेट्रोल मोटारीला किलोमीटरमागे ८० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, त्याच युरो ४ च्या डिझेलला २५० ची. तिप्पट. डिझेल ८० वर आलं ते युरो ६ मध्ये. आपल्याकडचं बीएस-४ म्हणजे तोच २५० चा हिशोब, आणि मधलं बीएस-५ वगळून आपण १ एप्रिल २०२० ला थेट बीएस-६ वर आलो. त्यामुळे आपल्या रस्त्यावर २०२० ही सरळ रेघ आहे. अलीकडची डिझेल मोटार आणि पलीकडची डिझेल मोटार यांना एकाच मापात धरता येत नाही.

लंडनच्या हवेच्या या चर्चेत एका मुलीचं नाव येतं, ते इथे फार जणांना माहीत नसतं. एला अडू-किसी-डेब्रा. साउथ सर्क्युलर नावाच्या गर्दीच्या रस्त्याजवळ राहायची, दम्याने आजारी, २०१३ मध्ये नऊ वर्षांची असताना गेली. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने हवेच्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूत वाटा होता असा निर्णय दिला. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात हवेचं प्रदूषण लिहिलं जायची ती पहिली वेळ. हे वाचताना मला द्वारकाचा बसथांबा दिसत होता.

विरोधही जोरात झाला. लोकांनी गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेरे तोडले. जुलै २०२३ मध्ये लंडनमधल्या अक्सब्रिजच्या पोटनिवडणुकीत हाच मुद्दा गाजला आणि महापौर सादिक खान यांच्या पक्षाचा उमेदवार ४९५ मतांनी पडला. माझ्या मते तिथे क्रम चुकला. जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला मोटारीमागे २००० पौंडांपर्यंत मदत होती, पण ती सगळ्या लंडनकरांना खुली झाली ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे वसुली दारात आल्यावर. आधी महिनोन्महिने ती फक्त ठरावीक लोकांना मिळत होती. गरीब माणसाला पहिली दिसली ती पावती.

आणि डिझेल घ्या असं सांगितलं कोणी होतं? ब्रिटनने २००१ मध्ये मोटारीचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडवर बांधला, डिझेलला तो कमी बसला, लोक डिझेलकडे गेले. आपल्याकडे जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे केले आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात दोन्हींतलं अंतर लिटरमागे तीस रुपयांच्या घरात गेलं होतं. त्या वर्षांत नाशिकमध्ये ज्याला त्याला डिझेल मोटार हवी होती. माझ्या पिकअपवाल्या भावानेही गाडी तेव्हाच घेतली. कंपन्यांनीही फसवलं. फोक्सवॅगनच्या गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरत्या स्वच्छ चालायच्या, हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं. अशा गाड्या जगभरात एक कोटीच्या वर होत्या. सरकारने ढकललं, कंपनीने विकलं आणि बिल फक्त शेवटच्या मालकाच्या हातात, हे मलाही मान्य नाही. म्हणून पैसे घ्या, पण ते त्याच माणसाची गाडी बदलायला वापरा.

आपल्या देशात असं कधी झालंच नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू गाड्यांवर पर्यावरण भरपाई लावली. लहान आणि दोन ॲक्सलच्या ट्रकला ७००, मोठ्याला १३००. डिसेंबरमध्ये ती दुप्पट केली. फक्त शॉर्टकट म्हणून दिल्लीतून जाणारे ट्रक बाहेरून वळावेत हा हेतू. पण बाहेरून जायचा पूर्व आणि पश्चिमेचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २०१८ मध्ये. महाराष्ट्रातही २०१० पासून जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाल्यावर, व्यावसायिक गाडीला आठ. पण तो आरटीओत ठरावीक मुदतीचा एकदा भरला की तेवढ्यापुरतं संपलं. गाडी रोज मेनरोडला धूर सोडते की वर्षातून दोनदा वणीला जाते, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

धुळीचा मुद्दा टपरीवर निघालाच. खोदलेले रस्ते आहेत, कचरा जळतो, एकलहऱ्याचं औष्णिक केंद्र आहे. खरं आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये आला, त्यात नाशिकही आहे. पण देशभर त्या पैशातला मोठा वाटा रस्त्याच्या धुळीवरच गेला. दिल्लीच्या सीएसई या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये हिशोब मांडला तेव्हा धुळीवर ६४ टक्के आणि वाहनांवर १३ टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे धुळीकडे बघणारे आहेत. सायलेन्सरकडे बघणारे कमी आहेत.

नाशिकसाठी माझ्या मनात आहे ते असं. सगळं शहर नको. शालिमार, मेनरोड, रविवार कारंजा, सीबीएस आणि पंचवटीतला गोदाकाठ, एवढंच क्षेत्र. मार्केट यार्ड हद्दीबाहेर ठेवायचं, म्हणजे भाजीच्या गाडीवर बोजा पडणार नाही. दिल्लीतही सुरुवातीला भाजी-दुधाच्या गाड्यांना सूट होतीच. आत यायचं असेल आणि गाडी २०२० च्या आधीची डिझेल असेल तर पैसे लागतील. आणि आधी खाजगी मोटारी, मग मालवाहू. गंगापूर रोडवरून मेनरोडला साडी घ्यायला येणाऱ्या जुन्या डिझेल एसयूव्हीला बसचा पर्याय आहे. वीस क्रेट कोथिंबिरीला नाही.

नाके मात्र अजिबात नकोत. २०१३ मध्ये जकात गेली, त्याच्या आधी नाक्यांवर ट्रकच्या रांगा लागायच्या, इंजिनं चालू. हवेचे पैसे घ्यायला हवाच खराब करायची, असं होईल. नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे पुरतात. आणि ज्याची गाडी जुनी पण धुराच्या तपासणीत मर्यादेच्या निम्म्याच्या आत आहे, ईजीआर जागेवर आहे, पंपाचं सील शाबूत आहे, त्याला निम्मे पैसे माफ. गाडी नीट ठेवणाऱ्याला त्याचा फायदा दिसलाच पाहिजे, नाहीतर तो नीट का ठेवेल?

पैसा वेगळ्या खात्यात. दर तीन महिन्यांनी किती जमा, कुठे खर्च, हे महापालिकेने चौकात बोर्डावर लावावं. त्यातून छोट्या टेम्पोवाल्याला सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या डाउन पेमेंटला मदत. केंद्राच्या २०२१ च्या स्क्रॅप धोरणात व्यावसायिक गाडीला वाहन करात १५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, पण कराच्या सूटीने हप्ता हलका होत नाही. ज्याच्याकडे पहिले लाखभर रुपये नाहीत त्याला बँक उभंच करत नाही. आणि ही मदत वसुलीच्या किमान सहा महिने आधी सुरू व्हायला हवी. लंडनमध्ये क्रम चुकला, तीच चूक आपण करायचं कारण नाही.

हे सगळं मी पिकअपवाल्या भावाला सांगितलं. तो लगेच पटला असं नाही. "डाउन पेमेंट खरंच देणार असतील तर बोला, नाहीतर हे कागदावरच राहतं," म्हणाला. मग आम्ही माझ्या जॉबकार्डच्या मागे हिशोब मांडला. त्याच्या फेऱ्या, डिझेल, सीएनजी, आणि माझ्याकडे वर्षाला होणारा पंपाचा खर्च. हप्ता धरूनही गणित जमत होतं, अडत होतं ते फक्त पहिल्या रकमेपाशी.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. रस्ते, घाट, वाहनतळ सगळ्यांचे आराखडे होतायत आणि बाहेरची वाहनं शहराबाहेर थांबवून बसने आत आणायची पद्धत इथे पर्वणीला आधीपासूनच आहे. तेव्हा जे चार दिवस करतो ते गोदाकाठापुरतं कायम करून बघायला यापेक्षा चांगली वेळ नाही. सिटीलिंक २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्या बहुतेक बस सीएनजीच्या होत्या, म्हणजे सुरुवात झालेली आहे. माझ्या प्रभागाच्या नगरसेवकांना आणि महापालिकेच्या पर्यावरण विभागाला मी वरचा आराखडा लेखी देणार आहे. कुणाला त्यात भर घालायची असेल तर खाली लिहा, विशेषतः टेम्पो आणि रिक्षावाल्यांनी.

तोवर २०२० च्या आधीची डिझेल गाडी असलेल्यांनी एवढं करा. एअर फिल्टर वेळेवर बदला, नोझल टेस्टरला लावून बघा, ईजीआरचा पत्रा काढा, पंपाचं सील तोडू देऊ नका. रविवारी सकाळी मी वर्कशॉपवर असतो. गाडी घेऊन या, धूर मोजून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.