माटुंगा ते वांद्रे, तीन कॉफ्या

पुण्याची मैत्रीण त्या शनिवारी दादरला उतरली आणि उतरता उतरताच म्हणाली, "आज साखर नाही आणि चिकरी तर अजिबात नाही." घरी ती कॉफी वजनकाट्यावर मोजून घेते, 15 ग्रॅम म्हणजे 15 ग्रॅम. मी डोंबिवलीची. आमच्याकडे कॉफी म्हणजे दाट दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ, तेही पाहुणे आले किंवा परीक्षेसाठी जागायचं असलं तरच. तिला माझ्या आवडीच्या कॉफीच्या जागा दाखवायच्या होत्या, आणि कॉफीच्या पुडीत मिसळतात त्या चिकरीची बाजूही मांडायची होती.

स्लो लोकलने माटुंगा गाठलं. गजऱ्यांच्या दुकानांवरून चालत किंग्ज सर्कलजवळच्या कॅफे मद्रासला पोहोचलो. 1940 पासूनची जागा, बाहेर नेहमीसारखी गर्दी. रसम वडा संपेपर्यंत कॉफी आली, स्टीलचा पेला खोलगट वाटीत ठेवलेला, वर फेस. "यात चिकरी आहे ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, "आधी पी." तिने प्यायली, मग आणखी एक मागवली.

तिथून जवळच म्हैसूर कन्सर्न्स. दुकान दिसण्याआधी वास येतो. माझ्यासाठी मुंबईतल्या कॉफीचं मूळ ठिकाण हेच. बसायला जागा नाही, कप नाही, फक्त बिया आणि पूड. काउंटरवर आपलं प्रमाण सांगायचं. मी पीबेरी आणि प्लांटेशन ए या दोन प्रकारच्या बिया निम्म्या निम्म्या घेते आणि त्यात वीस टक्के चिकरी. कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात. एकच गोल बी धरली की ती पीबेरी. पूड हातात आली तेव्हा कागदी पाकीट कोमट होतं. मैत्रिणीने ते दोन्ही तळव्यांत धरलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

चर्चगेटकडे जाताना काळा घोडा कॅफेत थांबलो. रोपवॉक लेनमधली शांत जागा, पण माझं लक्ष वांद्र्याकडे लागलं होतं.

वांद्र्याला चॅपल रोडवर सबको नावाचं कॉफीचं ठिकाण आहे. 2020 मध्ये जुन्या बंगलीत सुरू झालं. आता त्यांच्या इतरही जागा झाल्या आहेत, तरी मला हीच आवडते. तिने पोअरओव्हर, म्हणजे गाळणीतल्या पुडीवर हाताने पाणी ओतून केलेली कॉफी घेतली. बनवणाऱ्या मुलाने आधी पुडीवर थोडंसंच पाणी ओतलं. पूड भाकरीसारखी टम्म फुगली, मधे बुडबुडे आले, एकेक फुटत गेला. सगळं खाली बसल्यावर मग बाकीचं पाणी, गोल गोल, बारीक धारेने. कॉफी चहाइतकी पातळ आणि आंबटगोड. मला आवडली, मनापासून आवडली. ताज्या भाजलेल्या बियांची खरी चव अशीच कळते, हे तिचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे.

पण ती "शुद्ध" हा शब्द वापरायला लागली आणि मी अडवलं. चिकरी हे मूळ आहे, भाजून दळलेलं. गुजरातेत जामनगरकडे पिकतं. त्यात कॅफीन नसतं, पण कॉफीच्या काढ्याला रंग आणि दाटपणा येतो, म्हणून तो भरपूर दुधातही टिकतो. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के हवी आणि चिकरीचं प्रमाण पाकिटावर छापायलाच हवं. सांगून, मोजून घातलेल्या गोष्टीला भेसळ कसं म्हणायचं? दक्षिणेतल्या कितीतरी घरांची सकाळ त्या चवीवर उजाडते. ती गप्प राहिली, पण दादरला निघताना अर्धी पूड डब्यात घालून मागितली.

रविवारी सकाळी तिचा फोटो आला. शेजारच्या आजींकडून आणलेला पितळी फिल्टर वजनकाट्यावर ठेवला होता. खाली विचारलं होतं, "पाणी किती ग्रॅम?"

मी लिहिलं, वरचं भांडं भरेल इतकं, उकळतं. झाकण लाव आणि पंधरा मिनिटं हात लावू नकोस.