आओमोरीत शिकवायला जाताय? मग नेबुता नुसता बघू नका, नाचा

जेट प्रोग्रॅममधून (परदेशी तरुणांना जपानच्या शाळांत इंग्रजी शिकवायला नेणारी सरकारी योजना) उत्तर जपानमधल्या आओमोरीला पोस्टिंग मिळालं असेल तर ऑगस्टच्या २ ते ७ तारखेला, म्हणजे नेबुता उत्सवात, कुठेही जाऊ नका. शाळांना सुट्टी असते म्हणून बरेच जण तेव्हाच घरी पळतात, आणि वर्षातली सगळ्यात भारी गोष्ट हुकते. तारेच्या सांगाड्यावर कागद चिकटवून, रंगवून, आतून दिवे लावलेले अवाढव्य योद्धे नि राक्षस रस्त्यावर येतात, मागे मोठे ढोल, बासऱ्या, झांजा... विसर्जन मिरवणुकीत नाचून मोठं झालेल्या माणसाचे पाय काही जागेवर राहत नाहीत!

आणि नाचायला नावबिव नोंदवावं लागत नाही. हानेतोचा, म्हणजे नेबुतात नाचणाऱ्यांचा, ठरलेला पोशाख घाला (भाड्याने मिळतो, नेसवूनही देतात) आणि शिरा सरळ एखाद्या गटात. एका पायावर दोन उड्या, मग दुसऱ्यावर दोन, तोंडाने 'रास्सेरा रास्सेरा'. पोटऱ्यांची पार वाट लागते. कपड्यांना लावलेले घुंगरू नाचताना गळतात, ते सापडणं शुभ मानतात. माझ्या वर्गातला एक मुलगा, वर्षभरात तोंड न उघडलेला, गर्दीतून धावत आला, माझ्या हातात एक घुंगरू ठेवलं आणि 'फॉर यू' म्हणाला. पुढच्या टर्मला तो रोज गुड मॉर्निंग म्हणायला लागला, म्हणून सांगते, मुलांशी खरी ओळख वर्गाबाहेरच होते.

शाळेच्या उंदोकाईलाही, म्हणजे स्पोर्ट्स डेला, तेच. लाल विरुद्ध पांढरा संघ, रस्सीखेच, रिले, मुलं वर्गातल्या खुर्च्या स्वतः उचलून मैदानावर आणतात. तुम्हीही उचला, कुणी सांगायची वाट बघू नका. टोपी, सनस्क्रीन, डबा घरून. शनिवार-रविवारी कार्यक्रम झाला की बदली सुट्टी असते, ती आधीच विचारून ठेवा. मार्चमधल्या निरोप समारंभाला मात्र काळा सूट हवाच. मुलांचे फोटो इन्स्टावर अजिबात टाकायचे नाहीत.

शाकाहारी असाल तर कार्यक्रमानंतरच्या शिक्षकांच्या पार्टीआधी कळवा, कारण भाजीच्या सूपमध्येही बहुतेकदा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो.

घरचे येणार असतील तर हॉटेल काही महिने आधीच बुक करा, आणि टोकियोहून येणाऱ्या हायाबुसा बुलेट ट्रेनमध्ये सगळ्याच सीट रिझर्व्ह असतात तेही लक्षात ठेवा. खोली नाहीच मिळाली तर जवळच्या हिरोसाकी शहरात राहा, तिथला नेपुता (नेबुतासारखाच उत्सव, पण दिव्यांचे देखावे पंख्याच्या आकाराचे) १ ते ७ ऑगस्ट असतो, तोही बघून होईल.